खुलासा : सूत्र सुचवणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे
‘फ्रायकॅससारख्या मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरला पूर्णांकांच्या अनुक्रमाची पहिली काही पदे दिली की ते त्याचे सूत्र सिद्ध करून देते’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. हे सॉफ्टवेअर अत्यंत उपयुक्त असले, तरी ते दिलेल्या पदांशी जुळणारे सूत्र केवळ सुचवते. वर्तुळावर १ ते ५ बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना सरळ रेषांनी जोडल्यास वर्तुळाचे जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ भाग होतात आणि दुपटीचा नियम पक्का वाटतो. परंतु सहा बिंदूंना ३२ नव्हे, जास्तीत जास्त ३१ भाग मिळतात, हे कागदावर मोजून कोणालाही पडताळता येते. म्हणूनच काही पदे राखून ठेवून सुचवलेले सूत्र त्यांच्यावर तपासावे, आणि त्यानंतरही सिद्धता स्वतंत्रपणे द्यावीच लागते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.