‘माजी कसली केस, माय?’

मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात पहिल्यांदा गेले, तेव्हा सवयीप्रमाणे एका आजींना सांगितले की आजपासून तुमची केस माझ्याकडे आहे. सुपातल्या तुरीवरची नजर न काढता आजी म्हणाल्या, ‘‘माजी कसली केस, माय? म्या कुनाचं काय घोडं मारलंय?’’ तेव्हापासून गावात हा शब्द मी वापरत नाही. कार्यालयात मात्र तोच चालतो, आणि माझ्या ओळखपत्रावरही ‘केस मॅनेजर’ असेच छापलेले आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झाल्यावर लहान मुलांसाठी काम करायचे मनात होते. वाट्याला आली ती एकटी राहणारी म्हातारी माणसे, मानसिक आजार असलेले प्रौढ, अपंगत्व आलेले आणि या सगळ्यांना सांभाळता सांभाळता स्वतः मोडून गेलेले घरचे लोक. त्याला आता अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते जरा सविस्तर मांडायचे आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आमचे काम म्हणजे ब्लँकेट आणि फराळ वाटणे, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात आमचा निम्मा वेळ कागद जुळवण्यात जातो. संजय गांधी निराधार अनुदान योजना अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली सुरू झाली. पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. गावात दोन्हींना ‘पगार’ म्हणतात. हा पगार सध्या महिन्याला १,५०० रुपये आहे, दिव्यांगांसाठी तो २०२५ मध्ये २,५०० करण्यात आला. दिव्यांग सोडून इतरांना तो मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला १,७५०. घरातल्या एकाने रोजगार हमीवर शंभर दिवस पूर्ण काम केले तरी ते कुटुंब या मर्यादेच्या बाहेर जाते. त्यामुळे दाखला मागणाऱ्याला, देणाऱ्याला आणि मध्ये उभ्या असलेल्या मला, तिघांनाही ठाऊक असते की कागदावरचा आकडा कागदापुरता आहे. या खोटेपणाची मला अजून सवय झालेली नाही. पण त्यावाचून तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) विभागात फाइल पुढे सरकत नाही.

वयाच्या पुराव्याची गंमत तर वेगळीच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे वय सनावळीत नसते. ‘रझाकाराच्या टायमाला म्या पाळण्यात होते’, ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तवा थोरला पोटात होता’, ‘किल्लारीचा भूकंप झाला त्या सालीच मालक गेले’, अशा हिशेबाने ते मोजावे लागते. माझ्या दृष्टीने हे हिशेब आधार कार्डापेक्षा जास्त भरवशाचे आहेत, कारण आधार कार्डावर निम्म्या गावाचा वाढदिवस एक जानेवारीला येतो. कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने वय टाकले, ते सहा वर्षांनी कमी पडले, आणि आता सत्तरी गाठलेली बाई कागदोपत्री चौसष्टची असल्यामुळे श्रावणबाळात बसत नाही, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

पगार मंजूर झाला तरी तो हातात पडेपर्यंत आणखी एक दार ओलांडावे लागते, ते अंगठ्याचे. गेल्या हिवाळ्यात एका मावशींना घेऊन बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, दुकानात बसले होते. त्यांनी उजवा अंगठा यंत्रावर ठेवला, लाल दिवा लागला. दुकानातल्या मुलाने काच शर्टाच्या बाहीने पुसली, मावशींनी पदराला हात पुसला, पुन्हा लाल. मग तर्जनी, मग डावा अंगठा, मग मुलाने बाटलीतले थोडे खोबरेल तेल त्यांच्या बोटावर चोळले. मी मावशींचा हात हातात घेऊन पाहिला. चाळीस वर्षे कोयता, खुरपे आणि सरकीची बोंडे हाताळलेल्या त्या बोटांवर रेषा उरलेलीच नव्हती; कातडी नखासारखी गुळगुळीत झाली होती आणि मध्ये फक्त चिरा होत्या. दहाही बोटे झाली. मुलगा चांगला होता, तो म्हणाला, ‘‘मावशी, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत या, तवा बोट लागतंय कदी कदी.’’ यावर मावशी माझ्याकडे वळून अपराध्यासारख्या म्हणाल्या, ‘‘लई राबले ना माय, म्हनून.’’ रेशनच्या दुकानात तेच यंत्र. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायची सोय आहे खरी, पण ते यंत्र आमच्या भागात ज्या दुकानात आहे तिथपर्यंत जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. दसरा झाला की आमच्या भागातली गावे रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, ज्यांना ‘एक कोयता’ असे मोजतात, कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि ज्यांना नेता येत नाही असे आजारी. शहरातले लोक सहज म्हणतात की मुलांनी आईबापांना टाकले. मी हा शब्द वापरायला कचरते. जी सून पहाटे तीनला उसाच्या फडात उभी राहते आणि मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, तिने सासूला टाकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सासू एकटी आहे, हेही तितकेच खरे आहे.

अशाच एका आजींच्या बाबतीत मी जी चूक केली ती इथे सांगितलीच पाहिजे. नोव्हेंबर महिना होता. आजी पत्र्याच्या खोलीत तापाने पडून होत्या, डब्यात दोन दिवसांचे पीठ, चूल थंड. मी तेव्हा या कामात तीन वर्षांची झाले होते आणि मला खूप काही कळते असे वाटण्याचा तो काळ होता. चार दिवसांत मी जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात जागा मिळवली, मुलाला फोन केला, त्याने ‘तुम्ही करताल ते बराबर, ताई’ म्हणून सांगितले, आणि संस्थेच्या जीपमधून आजींना नेऊन सोडले. स्वच्छ खाट, दोन वेळचे जेवण, आठवड्याला डॉक्टर. परत येताना मी खुशीत होते. महिन्याच्या अहवालात ‘पुनर्वसन पूर्ण, केस बंद’ असे लिहिले. नवव्या दिवशी आश्रमातून फोन आला की आजी जेवत नाहीत. मी गेले, उशाशी बसले, काय होतंय म्हणून विचारले. त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होत्या. मग म्हणाल्या, ‘‘माज्या शेळीला पानी कोन पाजतंय?’’

त्यांची एक शेळी होती. ती मी पाहिली होती, जीपमध्ये आजींना बसवताना ती दावणीला ओरडत होती, शेजारच्या बाईला मी ‘बघा जरा’ असे म्हटलेही होते. पण त्या चार दिवसांत मी मुलाला विचारले, सरपंचांना विचारले, आश्रमाच्या व्यवस्थापकांना विचारले, आणि आजींना मात्र एकदाही विचारले नाही की तुम्हाला जायचे आहे का. अंगात ताप असलेली, एकटी, अडाणी बाई म्हणजे तिच्या वतीने आपणच ठरवायचे, हे मी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना परत आणले. मग जे आधी करायला हवे होते ते सुरू केले: शेजारणीशी बोलून दोन भाकरींची सोय, त्यांच्या अंत्योदय कार्डावरचे महिन्याचे पस्तीस किलो धान्य तिच्याकडेच ठेवायचे आणि त्यातले तिनेही घ्यायचे, आशाताईंनी आठवड्याला एकदा डोकावायचे, किराणा दुकानदाराच्या फोनवर मुलाने रविवारी बोलायचे. याला सहा आठवडे आणि अकरा फेऱ्या लागल्या. आजी पुढे चार हिवाळे जगल्या. त्या तिमाहीच्या अहवालात मात्र माझ्या नावापुढे ‘पुनर्वसन अयशस्वी’ असा शेरा पडला, कारण रकाने दोनच होते.

माझे म्हणणे या रकान्यांतूनच सुरू होते. आपल्याकडे योजना कमी नाहीत, कायदेही कमी नाहीत. कमी आहे ते दारापर्यंत जाणारे, तेच ते, ओळखीचे माणूस. लहान मूल संकटात असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, बाल संरक्षण कक्ष आहे, १०९८ क्रमांक आहे. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिला. ही व्यवस्था किती तोकडी चालते हे मला माहीत आहे, तरी निदान बोट दाखवायला एक पद आहे. पण अठरा वर्षे ओलांडलेला, मनाने किंवा शरीराने पंगू झालेला पुरुष, किंवा नवरा नसलेली, मार न खाणारी पण उपाशी असलेली म्हातारी, यांच्यासाठी जबाबदार कोण? पगारासाठी तहसील, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, घरकुलासाठी पंचायत समिती, धान्यासाठी पुरवठा विभाग, पोटगीसाठी प्रांत. प्रत्येक टेबलाला त्या माणसाचा एकेक तुकडा दिसतो. सगळा माणूस कुणाच्याच टेबलावर येत नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा वाचायला सुंदर आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलेली जमीन, सांभाळले नाही तर, कलम २३ खाली परत मिळवता येते. एका आबांना हे सगळे मी समजावून सांगितले. चार एकर कोरडवाहू दोन्ही मुलांच्या नावे करून ते गोठ्याच्या कडेला झोपत होते. सगळे शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘‘लेकावर कागद करू? मग मेल्यावर खांदा कोन देनार, तुमचा प्रांत?’’ मी अर्ज केला नाही. काही सहकाऱ्यांना ही माझी कचखाऊ वृत्ती वाटली. पण जमीन त्यांची होती, मुलगे त्यांचे होते आणि निर्णयही त्यांचाच होता. माझ्या हातात होते ते धाकट्या सुनेशी बोलत राहणे, आणि तिसऱ्या भेटीत तिने स्वतःहून सांगितले की आबा रात्री चार वेळा उठतात आणि वाट चुकतात, म्हणून घरात झोपवायला तिला भीती वाटते. ही गोष्ट कुठल्याच अर्जात आली नसती. तपासणी झाली तेव्हा स्मृतिभ्रंशाची सुरुवात निघाली.

मानसिक आजाराबाबत परिस्थिती आणखी अवघड आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यांपैकी एकही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधता येत नाही. एका घरी पंचेचाळिशीतला मुलगा लिंबाला दोराने बांधलेला होता आणि सत्तरीची आई त्याला वरण-भात भरवत होती. ‘‘सोडला की हिरीकडं पळतो, बाई. म्या किती पळू?’’ तिला कलम ऐकवायचे होते, ऐकवले नाही. जिल्हा रुग्णालयातून महिन्याला एक इंजेक्शन सुरू झाले, एसटीत बायकांना अर्धे तिकीट असल्याने येण्याजाण्याचा खर्च निभला, आणि पाचव्या महिन्यात दोर सुटला. पुढे सलग दोन महिने औषध उपलब्ध नव्हते. मी पोहोचले तेव्हा झाडाखाली दोर पुन्हा आला होता.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक तालुक्यात अशा प्रौढांसाठी निदान एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नेमावा, तो कायमस्वरूपी असावा, त्याच्याकडे ठरावीक, पेलवेल एवढीच घरे असावीत आणि किती फाइली बंद केल्या यावर त्याचे मोजमाप होऊ नये. यावर नेहमीचा प्रश्न असतो की पैसा कुठून येणार. तो प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचे पूर्ण उत्तर देता येणार नाही. पण संस्थांना दोन-तीन वर्षांचे प्रकल्प देऊन हे काम चालवणे स्वस्त पडते हे मला मान्य नाही. प्रकल्प संपला की कार्यकर्ती जाते, नवी येते, आणि आजींना आपला ताप, आपली सून, आपली शेळी पहिल्यापासून सांगावी लागते. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की त्या सांगत नाहीत, नुसते ‘बरं हाय’ म्हणतात, आणि तेच अहवालात जाते. केंद्राने ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यासाठी दिलेल्या नमुना नियमांत तर पोलीस ठाण्याने एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा समाजकार्यकर्त्यासह भेट द्यावी, असे म्हटलेले आहे. तो समाजकार्यकर्ता कोण, त्याचा पगार कोण देणार, हे तिथेही मोघमच आहे.

आमचा सध्याचा प्रकल्प मार्चअखेर संपतो. तोडीला गेलेले लोक परत यायलाही साधारण तोच सुमार असतो. माझ्याकडे आज बेचाळीस घरे आहेत, आणि प्रत्येक घराच्या वहीत मी पहिल्या पानावर पत्त्याच्या खाली एक ओळ वाढवून घेतली आहे, छापील नमुन्यात ती नाही: ‘दावणीला काय आहे?’