बाहेर राहिलो तरी मजा कमी झाली नाही

थीम पार्कच्या सहलीवरच्या लेखात म्हटलंय की लहान मुलं असतील तर पार्कच्या आतल्या हॉटेलातच राहा, मला नाही पटलं. आम्ही पाच जण, आत दोन रूम घ्याव्या लागल्या असत्या, त्याऐवजी बाहेर किचनवालं दोन बेडरूमचं घर घेतलं, नाश्ता घरीच, कपडे धुवायला मशीन, आणि धाकटी झोपली म्हणून आम्ही अंधारात कुजबुजत बसलोय असं नाही, मला तर हेच सगळ्यात मोठं सुख वाटलं. फक्त बुकिंग करताना नुसतं भाडं बघू नका, रिसॉर्ट फी (भाड्यावर वेगळी लावतात ती), राहण्याच्या ठिकाणचं पार्किंग, पार्कचं रोजचं पार्किंग सगळं धरून हिशोब करा. आणि पार्कला नेणारी-आणणारी शटल बस फ्री लिहिलेली असली तरी टायमिंग आधी फोन करून विचारा!! आमच्या शटलच्या दिवसाला दोनच फेऱ्या, दुपारी पोरं पेंगुळली तरी परत जाता येईना, फार हाल झाले त्यांचे. आत राहण्याचा एक फायदा मात्र खरा, अमेरिकेत ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज ३० मिनिटं आधी आत सोडतात, तेवढ्यात एखाद्या मोठ्या राइडची रांग वाचते. तरी पुढच्या वेळीही आम्ही बाहेरच राहणार, पण गाडी भाड्याने घेऊन.