गुहागरच्या आमच्या घरगुती निवासातल्या पाण्याबद्दल

नमस्कार ताई,

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही सहकुटुंब आमच्याकडे राहून गेलात आणि दोन तारे देऊन पाण्याबद्दल सविस्तर लिहिलंत. साबणाला फेस येत नाही, केस राठ झाले, मुलाची कातडी कोरडी पडली, बादलीला आणि नळाला पांढरा थर, खोलीतल्या किटलीत केलेल्या कोऱ्या चहावर तवंग, मिस्टरांच्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) ४६०. त्यावरून टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसणार आणि ‘पाणी चांगलं आहे’ असं सांगून आम्ही लोकांना फसवतो, असं तुम्ही म्हटलंय. फेस, थर, तवंग, सगळं तुम्ही पाहिलं तसंच लिहिलंय. पण त्यावरून टाकीवर आणि आमच्या सचोटीवर जे ठरवलंत ते मला मान्य नाही. पुढे येणारे पाहुणेही हे वाचणार, म्हणून जरा लांबून सांगते.

आमची वाडी समुद्राला लागून, विहीर वाळूतली. या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा भरपूर, म्हणजे चुनाच. कोकणातली जुनी घरं शिंपल्या भाजून केलेल्या चुन्यातच बांधलेली आहेत. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतला चुना विरघळवत विहिरीत येतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजेच पाण्याचा जडपणा. डोंगर चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गेलात तर जांभ्यातून येणारं पाणी इतकं मऊ की अंगावरचा साबण सुटता सुटत नाही. आमचं नळाचं पाणी खालच्या विहिरीचं, ते जड आहे आणि बुकिंगच्या वेळी कुणी विचारलं तर आम्ही तसंच सांगतो.

पांढऱ्या थराची खात्री घरीही करता येते. नळाच्या तोंडाशी जमलेल्या थरावर अर्धं लिंबू घासून थोडा वेळ तसंच राहू द्या. बारीक बुडबुडे येतात, थर भुसभुशीत होतो आणि नखाने खरवडला की खालचं स्टील लख्ख दिसतं. चुना आम्लाने असा फसफसतो. टाकीतला गाळ किंवा शेवाळ लिंबाने फसफसत नाही. टाकी आम्ही पावसाआधी आणि दिवाळीआधी रिकामी करून घासतो. तुमच्याआधी ती धुतली होती, तरीही बादलीला थर दिसला, कारण तो पाण्यातूनच येतो.

साबणाचं असं आहे की त्यातलं स्निग्धाम्ल कॅल्शियमला चिकटतं आणि चिकट साका तयार होतो. फेस यायच्या आधी अर्धा साबण त्यातच जातो. तोच साका केसांवर आणि कातडीवर राहिला की केस राठ लागतात, कातडी ओढल्यासारखी होते. यावर लोक आणखी साबण लावतात आणि त्रास वाढतो. शाम्पूचं रसायन वेगळं, त्यामुळे तो जड पाण्यातही चालतो. रिठा-शिकेकाईचंही तसंच. आमच्या आजेसासूबाईंच्या पिढीने याच विहिरीवर केस धुतले ते शिकेकाईनेच. शेवटच्या तांब्यात थोडं लिंबू पिळलं तरी केस मोकळे होतात. मुलाचं वाचून मात्र मला वाईट वाटलं. नाजूक कातडीच्या मुलांसाठी सड्यावरच्या पाण्याची एक बादली वेगळी देता येते, सांगितलं असतं तर त्याच दिवशी दिली असती.

स्वयंपाकाला आम्ही सड्याचंच पाणी वापरतो. जड पाण्यात कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा जोडून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट धरून ठेवतं आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ दाणेदारच राहते. जेवणातल्या वरणाचं तुम्ही कौतुक केलंत, ते त्या पाण्याचं. खोलीतल्या किटलीला नळाचं पाणी येतं, म्हणून चहावर तवंग आला. त्यात लिंबू पिळलं की तो जातो.

आता ४६०. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतं. त्याला जंतू कळत नाहीत, जडपणाही वेगळा कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जडपणाची २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालात आमचा जडपणा २०० च्या वर, ६०० च्या बराच खाली आहे. जंतू नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने वेगळी मर्यादा घातलेली नाही. मीटर दाखवून घाबरवणारे विक्रेते आमच्याही दारात येतात. आकडा ५० पर्यंत खाली आला म्हणजे पाणी शुद्ध, हे त्यांचं म्हणणं खरं नाही.

‘एवढे पैसे घेता तर घरभर सॉफ्टनर बसवा,’ म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, असंही तुम्ही लिहिलंय. हे आम्ही मुद्दाम टाळलंय आणि पैशांसाठी नाही. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. ते भरलं की मिठाच्या तीव्र पाण्याने धुवावं लागतं. इथे गटारं नाहीत, घरातलं सांडपाणी वाडीतच जातं. नारळ थोडं मीठ सोसतो, पोफळ (सुपारीचं झाड) सोसत नाही. शिवाय वाळूत जिरलेलं ते खारं पाणी फिरून त्याच विहिरीत उतरतं. आरओचं तर अर्ध्याहून जास्त पाणी वाया जातं.

त्याहून मोठी भीती उपशाची. किनाऱ्याजवळ गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हिशेब असा सांगतात की गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली तर खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकू शकतं. ते एकदा विहिरीत शिरलं की पाणी मचूळ होतं आणि मग लिंबू, शिकेकाई कशाचाच उपयोग नाही. म्हणून आम्ही बोअर मारली नाही, पोहण्याचा तलाव केला नाही आणि छपराचं पाणी पन्हळीने गाळणीतून विहिरीत सोडतो. श्रावणात जडपणा बराच उतरतो, मे महिन्यात सगळ्यात जास्त असतो आणि तुम्ही नेमक्या तेव्हाच आलात. ही विहीर माझ्या नातवंडांनाही गोडीच मिळाली पाहिजे. त्यासाठी एखादा तारा कमी झाला तरी चालेल.

पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, हे तुमच्या अभिप्रायात जरूर राहू द्या. येणाऱ्याला त्याचा उपयोगच होईल. टाकी न धुतल्याचं आणि फसवणुकीचं वाक्य तेवढं काढावं, ही विनंती. अहवाल स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला आहे, म्हणाल तर त्याचा फोटो पाठवते.