तीनाचे तेरा

सोलापूर-पुणे हायवेवर वेगमर्यादा मोडायची तर आधी ती गाठावी लागते. माझी गाडी २०११ सालची, ८०० सीसीची. काटा पंच्याऐंशीच्या पुढे गेला की डॅशबोर्डवरचा गणपती थरथरत पुढे सरकायला लागतो, जणू विसर्जनाला स्वतःच निघालाय. चौपदरी हायवेवर मोटारींना ताशी १०० ची परवानगी आहे. म्हणजे सरकारने दिलेल्या वेगातले पंधरा किलोमीटरही मी दर तासाला सरकारजमा करतो. अशा माणसाला मेहुण्याने लेझर जॅमर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गनला चकवणारं यंत्र, भेट दिला.

मेहुणा टेक्सासला असतो. "दाजी, तिकडं हे लावायला बंदी आहे," तो शेंगाचटणीत बोट बुडवत म्हणाला, "म्हणून म्हटलं, तुम्हाला उपयोगी पडेल." खोक्यावर मात्र सज्जनपणे ‘पार्किंग सेन्सर’ असं छापलेलं होतं. आत सिगारेटच्या पाकिटाएवढा एक बॉक्स, दोन काळे डोळे आणि हात-दोन हात वायर.

त्याने समजावलं ते असं. पोलिसांची लेझर गन डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, ठोक्या-ठोक्याने गाडीवर मारते. सेकंदाला शेकडो ठोके. ठोका परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, आणि अंतर किती भराभर घटतंय त्यावरून वेग. जॅमर आपल्या डोळ्यांतून तसलेच खोटे ठोके उलट मारतो. वर्गात हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून कुणीतरी ‘हजर, हजर, हजर’ असं ओरडत सुटावं, तसं. मास्तरांना कळत नाही कोण आलंय आणि कोण नाही.

"पण दाजी, फार वेळ ओरडायचं नाही. कित्येक गनवर कुणीतरी अडथळा आणतंय असा एरर येतो. तीन-चार सेकंदांत ब्रेक मारून खरा वेग कमी करायचा आणि जॅमर बंद करायचा."

"म्हणजे शेवटी ब्रेक मीच मारायचा?"

"हो."

"मग यानं काय केलं?"

"तुम्हाला ब्रेक मारायला वेळ दिला."

शेजारचे वकील खोक्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सरकारी कामात अडथळा." आणि चहा न घेता गेले. वकील चहा न घेता गेले की माणसाने घाबरावं. मी घाबरलो नाही. फुकट आलेल्या वस्तूपुढे भल्याभल्यांची भीती मरते.

सत्तर फूट रोडवरच्या अण्णांनी ते बसवलं. गनवाला नेम धरतो तो नंबर प्लेटवर नाहीतर हेडलाइटवर, कारण तिथून प्रकाश चांगला परततो. म्हणून डोळे नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना, अगदी लेव्हलमध्ये आणि नाकासमोर बघणारे हवेत. आमचा बंपर एका शेंगावाल्याच्या हातगाडीला भेटून आल्यापासून सरळ राहिलेला नाही. अण्णांनी वॉशर घातले, दोरी लावली, एक डोळा मिटून पाहिलं, तेलुगूत काहीतरी पुटपुटले. तरी एक डोळा सिद्धेश्वराच्या तळ्याकडे आणि दुसरा होटगीकडे बघत राहिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी सेटिंग उघडलं.

पॉवर एक ते पाच. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: तीनवर ठेवा. आता मला सांगा, सोलापुरात मे महिन्यात पंखा तीनवर कोण ठेवतं? एक तर ज्याला ताप आलाय तो, नाहीतर लाइट बिल भाड्यातच धरणारा घरमालक. आमच्या घरातल्या रेग्युलेटरवर एक ते चार हे आकडे नव्यासारखे कोरे आहेत, पाच मात्र पुसून गेलाय. त्या घरात वाढलेल्या माणसापुढे पाच आकडे ठेवून ‘तीन’ म्हणणं हाच मुळात निर्मात्याचा भोळेपणा. मी पाच केलं.

आठ दिवस हायवेवर एकही गन भेटली नाही. वस्तू पडून राहते म्हणून मी पार्किंग मोड चालू केला. समोर जवळ काही आलं की तो टीं करतो. नवी पेठेत शिरलो आणि टीं सुरू झाली ती बाहेर पडेपर्यंत थांबली नाही. रिक्षा, सायकल, चादरींचे गठ्ठे वाहणारा टेम्पो, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी गाय. नवी पेठेत समोर तीन फूट मोकळी जागा मिळणं म्हणजे सणच. मला वाटलं, वा, यंत्र काय जागरूक आहे! प्रत्यक्षात ते मरत होतं.

डोळ्यात ठोके मारणारा लेझर डायोड असतो. त्याचं असं असतं, की तो ठोक्यापुरता, काही नॅनोसेकंद, झेपणार नाही एवढा करंट पितो आणि मग त्याला निवायला वेळ लागतो. पॉवर वाढवली, ठोके सतत चालू ठेवले, की निवायला वेळच मिळत नाही. त्यात बाहेर ४४ अंश, वर काळा बंपर, मागून रेडिएटरची धग. डाव्या डोळ्याने आमच्याकडून दीड आठवडा सोसलं, हेच पुष्कळ.

डोळा गेलाय हे कळायची युक्ती सोपी आहे. इन्फ्रारेड आपल्याला दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइल कॅमेऱ्यांना जांभळट दिसतो. मी रस्त्यावर उताणा पडलो, मोबाइल बंपरपाशी धरला. उजवा डोळा जांभळा, डावा काळा ठिक्कर. खात्रीसाठी तीनदा बघितलं. गल्लीतलं पोरगं म्हणालं, "काका, गाडीसंगं सेल्फी काढालाव का?"

मेहुण्याला फोन लावला. टेक्सासात मध्यरात्र होती, तरी तो गोड बोलला. "नवं फर्मवेअर, म्हणजे बॉक्सच्या आतला प्रोग्रॅम, टाका दाजी, त्यात हीट कमी केलीय, निदान उजवा वाचेल. पेनड्राइव्ह लावा. फक्त मध्ये करंट जाऊ देऊ नका."

करंट जाऊ देऊ नका! असल्या सूचना टेक्सासातूनच येऊ शकतात. पण इथे करंट गाडीच्या बॅटरीचा होता, त्यामुळे मी निर्धास्त. किल्ली अर्धी फिरवून बसलो. अपडेट सत्तर टक्के झालं, पंच्याहत्तर झालं. शेजारी बायको पदराने वारा घेत होती. मी खाली वाकून वायर नीट बसलीय का बघत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, एसी तरी लावा, जीव चाललाय," आणि तिनेच हात लांबवून किल्ली उरलेली अर्धी फिरवली.

स्टार्टर एका दमात शंभर अँपिअरच्या वर ओढतो. बारा व्होल्टची बॅटरी तेवढ्यापुरती नऊ-दहावर येते. माणसाला त्यातलं काही जाणवत नाही, फक्त हेडलाइट जरा मिणमिणतो. अर्धवट मेंदू बदललेल्या बॉक्सला मात्र ते जाणवलं. दिवा गेला तो गेला.

"दाजी, ब्रिक झालं ते."

"ब्रिक म्हणजे?"

"वीट."

आमचा जिल्हा पंढरपूरचा. वीट म्हटली की हात आपोआप जोडले जातात. मी जोडले.

अण्णांनी बॉक्स हलवून बघितला, कानाला लावला. "चाललेलं होतं की ओ. कशाला हात लावालाव?" डोळे काढायचे तर बंपरला चार भोकं राहतात, म्हणून राहू दिले.

परवा मोहोळच्या अलीकडे पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे वेग तपासणाऱ्या, गाडीने थांबवलं. हवालदाराने गनवरचा आकडा दाखवला, चौसष्ट. ते दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर दयाच जास्त होती. मग त्यांची नजर बंपरकडे गेली. मला वकिलांनी न घेतलेला चहा आठवला.

"हे काय लावलंय?"

"पार्किंग सेन्सर."

"पुढं?"

"हो."

"सगळ्यांचे मागं असतात."

"हो."

"मग गाडी मागं घेताना कोण बघतं?"

मी उत्तर देईपर्यंत बायको दार उघडून खाली उतरलीही होती. पदर खोचून, गाडीच्या मागे जाऊन तिने हात वर केला. "येऊ द्या... येऊ द्या... अहो, घाबरताय काय, येऊ द्या की!"