तो फोटो ‘आर्यभट’चा नाही, आणि ती बैलगाडी गरिबीची नाही

परभणीच्या माझ्या भाच्यानं शाळेतल्या भाषणासाठी व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर पाठ केला. तुमच्याकडेही आला असेल: “ट्रकला पैसे नव्हते म्हणून भारतानं पहिला उपग्रह आर्यभट बैलगाडीतून श्रीहरिकोट्याला नेला. पहिलं रॉकेट सायकलवरून नेलं. तेव्हा नासा हसली होती.” सोबत दोन फोटो. फोटो खरे आहेत. खालचा मजकूर बहुतेक खोटा आहे, आणि लेकरानं तो मनापासून पाठ केला याचाच मला संताप आलाय.

बैलगाडीवर आहे तो ‘ॲपल’, आपला पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह. आर्यभट बघायचा असेल तर घरातली जुनी दोन रुपयांची नोट काढा, मागच्या बाजूला तो छापलेला आहे. फोटोशी ताडून बघा. शिवाय आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून उडाला आणि ॲपल १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून, युरोपच्या एरियन रॉकेटवर. श्रीहरिकोट्याहून दोन्हींपैकी एकही गेला नाही. मग ही गाडी निघाली होती कुठे?

कुठेच नाही. बंगळुरूत ॲपलच्या अँटेनाची चाचणी चालली होती. ट्रकवर ठेवून केली तर हौद्याच्या पत्र्यावरून रेडिओलहरी परावर्तित होतात आणि मोजमाप बिघडतं. अवकाशात उपग्रहाखाली पत्रा नसतो, म्हणून चाचणीतही तो नको. उघड्या मैदानात, धातूपासून शक्य तितकं दूर आणि हवं तसं हलवता येईल असं काहीतरी हवं होतं. लाकडी बैलगाडी भाड्यानं आणली. इस्रोच्या लोकांनी हे कारण कधी लपवलेलं नाही, पण मजकूर पुढे ढकलणाऱ्यानं ते शोधायचे कष्ट घेतले नाहीत. कुणी म्हणेल, गाडीच्या चाकालाही लोखंडी धाव असते, आख असतो. असतो ना! पण उपग्रहाच्या बुडाशी पसरलेला सलग पत्रा नसतो, आणि त्रास त्याचाच असतो.

६७० किलोंचा उपग्रह बांधणाऱ्या संस्थेला ट्रकचं भाडं परवडत नव्हतं, हे आपल्याला खरं तरी कसं वाटतं? इंजिनिअरांनी डोकं चालवून गाडी निवडली आणि या मजकुरानं ती त्यांच्या लाचारीचा पुरावा करून टाकली. ज्या मुलाच्या गोठ्यात बैलगाडी उभी आहे, त्याला ती अँटेनाच्या चाचणीला का चालते हे सांगितलं असतं तर त्यानं चार प्रश्न विचारले असते. “पैसे नव्हते” म्हटलं की तो टाळ्या वाजवून खाली बसतो.

सायकलीचं थोडं मान्य करावं लागेल. केरळातल्या थुंब्याला, आपल्या पहिल्या रॉकेट तळावर, सुरुवातीला वाहनांची खरंच टंचाई होती. चर्चच्या इमारतीत ऑफिस होतं, आणि रॉकेटचे सुटे भाग सायकलवरून जायचे. पण तो फोटो फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६ साली काढलेला आहे आणि सायकलवर आहे तो रॉकेटचा फक्त टोकाचा शंकू. थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, ‘नायकी-अपाची’ नावाचं. ७०० किलोंहून जड रॉकेट कुठली सायकल वाहील?

आणि नासा हसली म्हणे! ते पहिलं रॉकेट नासानंच दिलं होतं.