‘सुनांची नाटकं’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

‘हरतालिका, उपास आणि मनाच्या आजाराची औषधं’ या माझ्या लेखाखाली ‘एक कोकणी माणूस’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: मी घरच्यांनाच दोषी धरलं, डॉक्टर तालुक्याला असतो आणि पेशंटला गाडीत घालून नेतात ते घरचेच, देवाचा आधार तोडू नये. आणि मग हे वाक्य: ‘आमच्या आज्या निर्जळी उपास करायच्या, त्यांना कुठे डिप्रेशन आलं? ही औषधाच्या नावाखाली सुनांची नाटकं आहेत.’

आधी माझी चूक कबूल करते. हरतालिकेला सगळ्या बायका निर्जळी असतात असं मी सरसकट लिहिलं होतं. फळं खाऊन, दूध घेऊन करणाऱ्याही पुष्कळ आहेत. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘नाटकं’ हा शब्द मी सोडणार नाही. नाव न लिहिता, कोणाच्या तरी घरातल्या आजारी बाईबद्दल असं बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझं माहेर आणि सासर दोन्ही देवगड तालुक्यातलं. हरतालिका मी स्वतः धरते आणि बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. मला देवधर्म शिकवू नका.

बायपोलर म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य असा मनाचा आजार. त्याच्या कितीतरी पेशंटना लिथियम देतात. ते एक क्षार आहे आणि किडनी त्याला मिठासारखंच वागवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल हवं असतं, दीडच्या वर विषबाधा सुरू होते. आता भाद्रपदातला उकाडा, चतुर्थीची साफसफाई, घामाच्या धारा आणि वर दिवसभर पाण्याचा थेंब नाही, हे सगळं एकत्र धरा. अळणी उपासही तसाच धोक्याचा. सैंधव चालतं, तेही मीठच आहे.

लिथियम चालू असलेली एखादी सून वाळूच्या पिंडीवर पत्री वाहते तेव्हा तिचे हात थरथरतात, बेलाचं पान नेमकं पिंडीवर पडत नाही. घरात म्हणतात, अशक्तपणा. मग उलटी, जुलाब: उपासाचं पित्त. मग जीभ जड होते, चालताना तोल जातो. आता कोणीतरी ‘बाधा’ म्हणतं आणि देवाला गाऱ्हाणं घालायला माणूस पाठवतात. एवढ्यात रात्रीची गोळीही तिला दिलेली असते. अशा वेळी पुढची गोळी द्यायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं आणि लिथियम चालू आहे हे दारातच सांगायचं. गाऱ्हाणं मागाहून घाला.

उपास आहे म्हणून काहीजणी गोळीच टाळतात आणि दुसऱ्या दिवशी दोन घेतात. हे तर अजिबात करू नये. रात्रभराच्या जागराचंही तेच. बायपोलरमध्ये एका रात्रीची झोप गेली तरी उन्माद उसळू शकतो. आरती झाली की त्या माणसाला झोपू द्या. भजनात ढोलकी बडवून खांदे भरले म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मागायला येतात. लिथियमवाल्याने त्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, प्रमाण वाढतं.

आणि पाण्याने, औषधाने व्रत मोडतं असं म्हणाल, तर महाभारतातली विदुरनीती काढून वाचा. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी तिथे दिल्या आहेत. त्यांत पाणी आहे आणि औषधही आहे. हे मी सासवांना आवर्जून सांगते, त्यांना पटतं. तुम्हाला का पटू नये?

राहिल्या आज्या. त्यांना काही होत नव्हतं, तर रत्नागिरीला १८८६ सालापासून मनोरुग्णालय कोणासाठी उभं आहे? त्यांचं दुखणं ‘वारं लागलं’ म्हणून कोनाड्यात ढकललं गेलं, एवढंच.

घरच्यांचं प्रेम, अंतर, गाडीभाडं, याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. त्यावर आज वेळ घालवत नाही. दूर असाल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

लिथियम चालू असेल त्यांनी हरतालिकेच्या आठ-दहा दिवस आधी रक्तातली पातळी तपासून घ्यावी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. उपासाचं डॉक्टरांना आधीच सांगा. निर्जळी धरू नका.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही. ‘नाटकं’ तेवढं तुम्हीच खोडा.