‘पाणी उकळून उपयोग नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रोगजंतू विषाच्या सूक्ष्म पिशव्या सोडतात, त्या पिशव्या स्वतःच वाढतात, अँटिबायोटिकमुळेच तयार होतात, उकळूनही नष्ट होत नाहीत, म्हणून पाणी उकळणं सोडा. शिवाय हे सगळं म्हणे लपवून ठेवलंय.

पिशव्या खऱ्या आहेत. कॉलऱ्याच्या जंतूला किंवा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूला दोन आवरणं असतात. बाहेरच्या आवरणाला फुगवटा येतो, तो तुटून सुटा होतो आणि त्यात कधी विषही असतं. आकार साधारण 20 ते 250 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). मेसेजमधलं खरं इथवरच.

त्या वाढतात, हे साफ खोटं. त्यांच्यात डीएनएचे तुकडे सापडतात, पण एकाच्या दोन होण्याची यंत्रणा नसते.

अँटिबायोटिकचं अर्धसत्य आहे. काही औषधांनी पिशव्या जास्त सुटतात, पण धडधाकट जंतूही त्या सोडतच असतात. औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावं, ग्रुप अ‍ॅडमिनने नव्हे.

खरा घात उकळण्याच्या मुद्द्यात आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं पाणी घरोघरी पिंपात साठवून पुरवावं लागतं. अशा गावात हा सल्ला म्हणजे दुखण्याला आवतणच. जंतूच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष उकळीलाही पुरून उरतं, हे मान्य. पण ते रक्तात शिरलं तर घातक; निरोगी आतड्यात तशी आवरणं असलेले असंख्य जंतू एरवीही नांदतात. कॉलऱ्याचं विष वेगळं, ते प्रथिन आहे आणि उष्णतेने निकामी होतं. त्यातही बरंचसं पिशवीविना, सुटंच बाहेर पडतं. मुळात कॉलरा होतो तो जिवंत जंतू पोटात जाऊन लहान आतड्यात वाढतात आणि तिथे विष तयार करतात म्हणून. खळखळून उकळलेल्या पाण्यात ते जंतूच उरत नाहीत. बाहेर राहून बिघडलेल्या अन्नातलं स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विष मात्र पुन्हा गरम करूनही टिकतं. पण तो शिळ्या अन्नाचा प्रश्न, पाण्याचा नव्हे.

आणि लपवाछपवी? कॉलऱ्याच्या जंतूतून सुटणाऱ्या या पिशव्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली निरीक्षणं चॅटर्जी आणि दास या संशोधकांनी 1967 मध्येच छापली. मेनिंजायटिस-बी (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार) वरच्या एका लशीत तर अशाच पिशव्या मुद्दाम घातलेल्या असतात, आणि युरोपात तिला 2013 मध्ये उघड परवानगी मिळाली.